किती टोचांना दाणा

१

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळी साडेआठला दाणेमास्तरांचे पाय आपोआप चपला शोधत. एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात कबुतरांना दाणे घातले होते. कागदोपत्री हुद्दा 'प्रयोगशाळा लिपिक' असा भारदस्त होता, पण तो एकदाच उच्चारला गेला, निरोपाच्या भाषणात, आणि तोही चुकीचा. एरवी मुलं त्यांना दाणेमास्तर म्हणत, प्राध्यापक दाणेमास्तर म्हणत, आणि रागावली की बायकोही तेच म्हणे.

काम सरळ होतं. लाकडी पेटीत एक कबूतर, समोर एक गोल चकती. चकतीवर चोच मारली की खालच्या फटीत दाणा येई. किती टोचांनी येणार, ते मास्तरांच्या तक्त्यावर लिहिलेलं असे. दर वीस टोचांना एक दाणा असा नियम लावला, तर कबूतर दाणा खाऊन जेवणाच्या सुट्टीनंतरच्या कारकुनासारखं जरा रेंगाळे. पण कधी तीनला, कधी नव्वदला, कधी अकराला असा बेभरवशी हिशेब ठेवला, की त्याचं रेंगाळणं संपे. चोच सोलून निघाली तरी ते टोचत राही. दाणे साफ बंद केले तरी हजारो टोचा मारी. न जाणो, पुढच्या टोचेला असेल.

"असा छळ करायला पगार देतात तुम्हाला?" बायकोने एकदा विचारलं होतं.

"छळ कसला? दाणे मिळतात की त्यांना."

"तेच म्हणतेय मी."

चार महिन्यांपूर्वी ती न्यूमोनियाने गेली. हॉस्पिटलात नेलं तेव्हाच शुद्ध हरपली होती, ती परत आली नाही. मुलगी, ठकी, दाताच्या डॉक्टरांकडे सकाळपाळीला नोंदणीचं काम करी. ती आपलं सामान घेऊन बापाकडे राहायला आली. बापाला एकटं ठेवायचं नाही, असं तिने परस्पर ठरवलं होतं.

२

एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला मास्तर झोपायच्या खोलीत शर्ट काढत होते. डोकं गळ्यात अडकलं, हात वर गेले आणि कोपर भिंतीला आपटलं.

भिंतीतून कुणीतरी दोनदा घसा खाकरला.

मास्तर शर्टाच्या आत तसेच उभे राहिले. ती खाकरण्याची रीत एकाच माणसाची होती. साधं 'मीठ संपलंय' सांगायचं असलं तरी बायको आधी दोनदा घसा साफ करायची, सभा भरल्यासारखा. मास्तरांनी शर्ट ओढून काढला आणि भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. नळ ठिबकत होता. तो त्यांनी घट्ट बंद केला आणि नळाचाच आवाज होता असं ठरवून टाकलं. माणूस शिकलेला असला की त्याला असं पटकन ठरवता येतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम कोपर आपटलं. काही नाही. पुन्हा आपटलं. सात वेळा काही नाही.

आठव्या वेळी ती खाकरली.

३

तिसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावलं. गवंड्याने भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला, मग स्वयंपाकघरात जाऊन तिकडूनही तेच केलं.

"काका, अर्ध्या विटेची भिंत आहे ही. प्लास्टर धरून पाच-सहा इंच. उंदराला आत राहायचं तर अंग चोरून राहावं लागेल."

"आवाज येतो."

"पाण्याची नळी नाही, वायर नाही. कसला आवाज?"

"खाकरल्यासारखा."

गवंड्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग तो कानातून येतोय. ते काम माझ्याकडे नाही."

तो गेल्यावर मास्तरांनी कपाटातून एक कोरी वही काढली. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि कानाच्या डॉक्टरांवर त्याहून नव्हता. मोजमापावर मात्र होता. जे मोजता येतं ते आपल्या ताब्यात असतं, अशी त्यांची एकतीस वर्षांची समजूत. त्यांनी रोज दहा ते बारा, ठकी कामावर असताना, भिंतीवर मुठीने ठोके मारायला सुरुवात केली आणि वहीत आकडे मांडले. आठ. चार. एकतीस. दोन. सत्तावीस. नऊ.

आठवड्याच्या शेवटी त्यांनी आलेख काढला. रेघ कुठेही न रेंगाळता तिरकी वर चढत होती. अशा हजारो पट्ट्या त्यांनी यंत्रातून फाडून फायलीला लावल्या होत्या. रेघ बघताच ते सांगत, कबूतर कुठल्या तक्त्यावर आहे.

हे बेभरवशाच्या तक्त्यावर होतं. फक्त या खेपेला तक्ता त्यांच्या हातात नव्हता.

इतकं कळल्यावर शहाण्या माणसाने वही मिटली असती. मास्तर हात धुऊन आले आणि पुढचे चाळीस ठोके मारले.

४

चकतीच्या मागे एक स्क्रू असे. तो पिळला की चकती ताठ होई. मग हलकी टोच मोजलीच जात नसे, कबुतराला जोरात मारावी लागे. तो स्क्रू मास्तरांनी स्वतः शेकडो वेळा पिळला होता. म्हणून साध्या ठोक्यांना उत्तर येईनासं झालं, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही.

ते जोरात मारू लागले. बोटांची पेरं फुटली. रंगावर चार तांबूस ठिपके उमटले, त्यांवर आणखी चार. रक्त आलं त्या दिवशी बाराव्या ठोक्याला उत्तर आलं आणि त्यानंतर रक्ताशिवाय एकदाही आलं नाही. ठकीने विचारलं तर दार लागलं म्हणाले.

"कुठलं दार?"

"न्हाणीघराचं."

"त्याला तर पडदा आहे, बाबा."

तिने औषध लावून दिलं. नजरेला नजर न देता, भराभर.

मग रक्तही पुरेना. एकदा दोनशे दहा ठोके होऊन गेले तरी भिंत गप्प. मास्तरांनी रागाने हातातला चहाचा कप फेकला. कप फुटला आणि लगेच, त्याच क्षणी, ती खाकरली. तिसरा कप फुटला तेव्हा खाकरण्यामागे एक श्वास ऐकू आला. माणूस बोलायला तोंड उघडतो तेव्हाचा.

विभागाच्या प्रमुख बाई कबुतराला स्वतःभोवती गिरकी घ्यायला शिकवत. आधी मान जराशी वळवली तरी दाणा. मग जास्त वळवली तरच. मग पाऊल उचललं तर. संध्याकाळपर्यंत कबूतर भोवऱ्यासारखं फिरायला लागे. बाई मुलांना सांगत, "त्याला कुठे न्यायचंय ते त्याला कधीच दिसत नाही. ते दर वेळी फक्त एक पाऊल टाकतं."

मास्तरांना हे वाक्य पाठ होतं. कप संपले तेव्हा ते बशांकडे वळले.

५

कबूतर बुधवारी आलं.

खोलीच्या खिडकीच्या कठड्यावर ते उन्हाला बसलं होतं. दुपारचा एक वाजला होता. मास्तरांच्या हातांना कबुतरं घाबरत नसत. दोन बोटांत पाय, अंगठ्याखाली पंख, अशी पकड त्यांच्या हाडात मुरली होती. पक्षी सुटायची धडपडही करत नाही. छातीचं धडधडणं तेवढं तळव्याला लागतं.

आपण त्याला नुसतं भिंतीजवळ धरतोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पहिल्या फटक्यात मान लटकली. दुसरा मारायचं खरं तर कारण नव्हतं. तिसऱ्याला चोच प्लास्टरात रुतून तुटली आणि पिसं मास्तरांच्या ओठांना चिकटली.

"अहो," भिंत म्हणाली.

पूर्ण शब्द होता. शेवटी जरासा वर ओढलेला, पाठ फिरवून बसलेल्या नवऱ्याला वळवायला ओढतात तसा. मास्तर खाली बसले. उबदार लगदा हातात धरून ते चार महिन्यांत पहिल्यांदा रडले, नाक गळेपर्यंत. रडून झालं, डोळे पुसले, आणि दुसरं कबूतर आहे का म्हणून खिडकीकडे पाहिलं.

तेवढ्यात ठकी चहा घेऊन आत आली. ती आज लवकर सुटली होती.

"हे काय?"

"खिडकीवर येऊन आदळलं."

"खिडकी उघडी आहे, बाबा."

ती ट्रे टेबलावर ठेवायला वाकली. केस वर बांधलेले होते, मान उघडी होती.

आणि भिंतीने घसा खाकरला. दोनदा. मास्तरांनी काहीही केलेलं नसताना.

ट्रेमधले स्टीलचे पेले किंचित वाजले. ठकी सरळ झाली, भिंतीकडे न बघता बाहेर गेली.

पेटीत चकतीच्या वर एक हिरवा दिवा असे. तो लागला की आता मारलीस तर मिळेल, असं कबुतराला कळे. मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवरून उठून, एका मानेचा घेर मावेल एवढा उघडून, हवेत थांबला होता.

६

बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहत. एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. एका कानाने कमी ऐकू येई आणि दुसऱ्याने त्या स्वतःच्या मर्जीने ऐकत.

"एक पक्षी आहे, बाई," मास्तर म्हणाले.

"आता कुठला पक्षी? निवृत्त झालात ना?"

"घरी आहे."

"पाळलात? एवढ्या वर्षांत हौस फिटली नाही? कितीला दाणा आहे?"

"आठला एक होता. आता सातशेच्या वर गेलाय."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "चांगला ताणलाय. कुणी ताणला?"

मास्तरांनी हात बाह्यांत ओढून घेतले.

"सोडवायचाय त्याला," ते म्हणाले.

"मग बंद करा. साफ. मध्येच दया येऊन एक जरी दिलात तरी आधीपेक्षा घट्ट चिकटेल."

"आणि बंद केल्यावर?"

"मला काय विचारता? पट्ट्या तुम्ही काढल्यात. आधी उसळी मारतो. दुप्पट वेगाने, दुप्पट जोराने. चकतीवर भागलं नाही तर समोर जे असेल त्यावर. आठवतंय ना, ते पांढरं कबूतर? शेजारच्या पक्ष्याचे डोळे काढले होते त्याने." बाईंनी चहाचा घोट घेतला. "उसळी ओसरेपर्यंत पेटीत दुसरा पक्षी ठेवायचा नाही. हाताला काय झालं?"

"दार लागलं."

"दोन्ही हातांना?"

७

"मावशीकडे जाऊन ये आठ-पंधरा दिवस," मास्तरांनी ठकीला सांगितलं.

"कशाला?"

"हवापालट."

"मावशीकडे? ती पंखासुद्धा विचार करून लावते."

"मग मैत्रिणीकडे जा. कुठेही जा. मला एकट्याला राहायचंय."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? भांडी किती उरलीत बघा घरात. मी गेले तर हाताच्या ओंजळीत चहा घ्याल." ती हसली नाही. "मी इथून हलणार नाही. आईला शब्द दिलाय."

"कधी दिलास?"

ठकीने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला. "दिलाय," ती म्हणाली, आणि बेसिनमधल्या भांड्यांकडे वळली.

ती जात नाही म्हटल्यावर मास्तरच गेले. सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी पाचला यायचं, पुढच्या खोलीत सोफ्यावर हात मांड्यांत दाबून झोपायचं, झोपायच्या खोलीला बाहेरून कडी. दिवसभर वाचनालय. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी शेजारी बसलेल्या गृहस्थांनी वर्तमानपत्राचं पान उलटताना घसा खाकरला आणि मास्तरांनी वर्तमानपत्र अडकवायची लोखंडी दांडी उचलून त्यांच्या बोटांशेजारी टेबलावर हाणली. टेबलाचा टवका उडाला. मग पुन्हा हाणली. चौथ्या फटक्याला दांडी वाकली तेव्हा लोकांनी त्यांना धरलं. ग्रंथपालांनी सौम्य शब्दांत सभासदत्व रद्द केलं आणि 'शांतता राखा' या पाटीखालून त्यांना दारापर्यंत पोचवलं.

पुढे ते बागेत बसू लागले. हात कोटाच्या खिशात शिवल्यासारखे. सहाव्या दिवशी त्यांनी बाकाचं फळकूट उचकटलं. सातव्या दिवशी स्वतःच्या मांडीवर इतकं मारलं की घरी लंगडत गेले. आठव्या दिवशी जरा कमी. दहाव्या दिवशी बाकावर चक्क डुलकी लागली. अकराव्या दिवशी दुपारी तीनला मास्तरांच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपल्याला भिंत आठवलीच नाही. त्यांनी हात खिशातून काढून उन्हात धरले. म्हाताऱ्या माणसाचे साधे हात होते, आपले आपण पडून राहणारे.

ठकीला हे सगळं आता सांगून टाकावं, हसू दे तिला, असं म्हणत ते घरी निघाले.

८

दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात इस्त्रीने तापल्या कापडाचा वास होता. ठकी टेबलापाशी उभी राहून त्यांचाच शर्ट इस्त्री करत होती. तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं. कपाळावर केसांच्या मुळाशी एक जखम होती, जुनी, आणि तिच्यावर आजची.

तिच्यामागच्या भिंतीवरून मसाल्याची फळी काढलेली होती. तिथलं प्लास्टर ओंजळभर खोल खणून निघालं होतं, विटा उघड्या पडल्या होत्या. खड्ड्याच्या बाजूला पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या. ओळीच्या सुरुवातीला तारीख, मग चार उभ्या, एक आडवी, असे पाचांचे गठ्ठे. मध्येच कुठे एक लहानसं वर्तुळ.

एकतीस वर्षं असल्याच रेघा वाचणाऱ्या माणसाला चष्मा लागला नाही. वरच्या ओळी आखूड होत्या, वर्तुळं दाट. पहिली तारीख त्यांच्या वहीतल्या पहिल्या तारखेच्या तीन आठवडे आधीची होती. खाली खाली ओळी लांबत गेल्या, वर्तुळं विरळ झाली. शेवटचं वर्तुळ अकरा दिवसांपूर्वीचं. त्यानंतर नुसत्या रेघा, दाबून मारलेल्या, भिंत चिरत जमिनीपर्यंत आलेल्या.

दोन पक्षी असलेल्या पेटीत दोघांना एकमेकांच्या टोचा दिसू देत नाहीत. मध्ये पातळसा पडदा असतो. ते काम मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या मनात एवढंच आलं नव्हतं, की भिंतीला दुसरी बाजू असते.

"बाबा," ठकी म्हणाली, "तुम्ही का थांबलात?"

"ठके, ते खरं नाही."

"मला माहितीये. पण बोलत तर होती." तिने शर्टाची बाही उलटवली, घडी नीट बसवली. "तुम्ही तिकडून मारत होता तोवर मला इकडे बरं मिळायचं. चिमणी मेली तेव्हा 'ठके' म्हणाली. मांजराला तर 'ठके, इकडे ये' म्हणाली. मग तुम्ही वाचनालयात जायला लागलात."

"हे बंद होतं, ठके. माझं झालंय बंद. अकरा दिवस लागतात फक्त."

"अकरा दिवसच झालेत," ती म्हणाली. "मी मोजलेत."

दार तीन पावलांवर होतं. मास्तरांचं एक पाऊल मागे गेलंही. तेवढ्यात भिंतीत कुणीतरी दोनदा घसा खाकरला, आणि अकरा दिवसांच्या कोरड्या कानांना तो आवाज असा लागला की दुसरं पाऊल निघालंच नाही.

ठकीच्या चेहऱ्यावर लहानपणी वाढदिवसाला यायचं तसं काहीतरी आलं. तिने इस्त्रीची वायर बाजूच्या प्लगमधून उपटली.

"जरा तिकडे बघा ना," ती म्हणाली. विनवणीच होती ती.

पहिला फटका कानशिलावर बसला. जळक्या केसांचा वास आला, मग जमीन. टेबलाचा पाय, ठकीची अनवाणी पावलं आणि त्यांच्यापलीकडे खणलेला खड्डा एवढंच दिसत होतं. डोळ्यात रक्त उतरत होतं, म्हणून नीट सांगता येणार नाही. पण दोन विटांच्या मधल्या फटीत, जिथे उंदराचीही सोय नव्हती, काहीतरी फिकट पुढे आलं, सांध्याला टेकलं आणि आत सरकलं. बोटं असतील. पाच नव्हती, जास्त होती.

आणि मग ती बोलली. आजवरच्यासारखी तुटक नाही. सकाळी ओट्यापाशी उभी राहून बोलायची तशी, भरल्या, जरा त्रासलेल्या आवाजात.

"अहो, ऐकलंत का? चहा निवतोय."

मास्तरांनी ऐकलं. ठकीनेही ऐकलं. ती इस्त्री छातीशी धरून, तोंड उघडं ठेवून भिंतीकडे बघत राहिली. दोघांनी मिळून वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही. नळ ठिबकत होता. घराबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

ठकीने खाली त्यांच्याकडे पाहिलं. तिला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

पहिला दाणा नेहमी लवकर मिळतो. दुसऱ्याला किती लागतील ते कुणालाच सांगता येत नाही. मास्तरांना हे तिला समजावून सांगता आलं असतं, जीभही अजून हलत होती. त्यांनी गाल फरशीला टेकवला आणि मान जराशी वळवली, तिला नेमकी सापडेल अशी.